कालव्याचं पाणी आणि राखण्या

आमच्या गावात वीज नव्हती, पण मुंबईत वीज किती जळते आहे हे गावाला रोज संध्याकाळी कळायचं. डोंगराच्या पायथ्याला वीजघर होतं. घाटावरच्या तलावाचं पाणी जाड नळांतून खाली यायचं, वीजघराची चक्रं फिरवायचं आणि मग कालव्याला लागायचं. हा कालवा कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावाच्या शेतांना लागून वाहत होता. शहरात दिवे लागले की चक्रं जोरात फिरत आणि थोड्या वेळाने आमच्या बांधाशी पाणी चढे. शहर झोपलं की उतरे. तारा मात्र आमच्या डोक्यावरून थेट पुढे जात. आई संध्याकाळी कालव्यावर भांडी घासायला बसायची आणि पाणी कुठल्या पायरीला लागलं ते बघून घरी येऊन सांगायची, आज तिकडं कायतरी सण दिसतोय. दिवाळीच्या दिवसांत तर पाणी भांडी ठेवायच्या दगडावर येऊन बसायचं. ज्याच्या उजेडात आपण कधी बसलो नाही त्या सणाची बातमी आम्हाला अशी मिळत असे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, खालापूर तालुक्यात खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. पहाटे भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून ते कर्जतला चालत जात आणि तिथून खोपोलीची गाडी धरत. संध्याकाळी परत आले की अंगाला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. हातपाय धुऊन ते ओटीवर बसत आणि कानस हातात घेत. माझ्या लहानपणीचा मुख्य आवाज म्हणजे लोखंडावर चालणारी ती कानस. आत आई चुलीवर डाळिंब्यांना फोडणी द्यायची, बाहेर कानस चालायची, आणि मध्येच आई ओरडून विचारायची, माझा झारा कुठं गेला? झारा बहुधा ओटीवरच असायचा, पण तोवर तो झारा राहिलेला नसायचा. आप्पांनी भाताचा कोंडा उडवायचा पंखा केला होता, विहिरीची बादली आपोआप कलंडवणारा आकडा केला होता. बहुतेक गोष्टी अर्ध्या चालत. जी पूर्ण चाललेली मला माहीत आहे, ती एकच. तिला गाव राखण्या म्हणायचं.

तिची सुरुवात झोपेपासून झाली. भात कापून झालं की आमच्याकडे जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल करतात आणि कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भाताची रोपं टाकतात. दोन्हींवर रानडुकरं उतरत. म्हणून प्रत्येक घरचा एक पुरुष रात्रभर शेतात खांबांवर बांधलेल्या माळ्यावर बसून डबा वाजवायचा आणि दिवसा पुन्हा कामाला जायचा. आप्पाही बसत. एकदा कारखान्यात चालत्या पट्ट्याशेजारी त्यांचा डोळा लागला. सोबत्याने दंड धरून मागे ओढलं म्हणून हात वाचला. घरी त्यांनी हे सांगितलं ते जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात. आई मात्र तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. त्या दिवसापासून गाडीची वेळ टळली की ती अंगणात येऊन उभी राहायची.

राखण्याची रचना सोपी होती. कालव्यातून बारीक नळीने पाणी पत्र्याच्या एका पन्हळीत पडायचं. पन्हळ मधोमध टेकवलेली होती. भरली की ती कलंडायची आणि खालच्या लोखंडी डब्यात ठेवलेल्या कार्बाइडवर थोडं पाणी सांडायची. हे कार्बाइड वेल्डिंगवाल्यांकडे मिळतं. त्याच्यावर पाणी पडलं की गॅस होतो. रिकामी झालेली पन्हळ परत वर येताना एका चकमकीला घासायची, ठिणगी पडायची आणि डब्याला जोडलेल्या नळकांड्यातून बार निघायचा. मग पन्हळ पुन्हा भरायला लागायची. माणूस नको, घड्याळ नको. पाणी उतरून नळीच्या तोंडाखाली गेलं की बार थांबायचे, पण डुकरं येत ती दिवस मावळल्यावर, आणि त्या वेळी कालवा भरलेला असायचा.

कार्बाइड कोणी घालायचं हे धर्माकाकांनी ठरवलं. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून होतं, आणि गावातल्या कुठल्याही गोष्टीची पाळी लावून द्यायचं काम त्यांच्याकडे आपोआप येत असे. गणपतीच्या आरतीची पाळी, नांगराच्या बैलांची पाळी, तशी राखण्याची पाळी. रोज एका घराने दिवस मावळायच्या आत मूठभर कार्बाइड डब्यात टाकायचं. आमच्या गावात पाळी चुकवणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. कोणी बोलत नसे, पण लग्नात पंगतीला बसल्यावर आपल्या पानापर्यंत वाढपी उशिरा पोचे. पाळी कोणी चुकवली नाही. पुरुष माळ्यावरून उतरले आणि घरात झोपू लागले.

त्या दिवसांत आप्पा जरा बोलते झाले. एरवी त्यांना विचार सांगायची सवय नव्हती. एका संध्याकाळी कानस पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, श्रीमंत म्हंजे कोण गं? मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते आणि उत्तरं तयार असायची. ते त्यांना चाललं नाही. म्हणाले, "ज्याची राखण दुसरा करतो नि जो सोता झोपतो, तो श्रीमंत. बाकी सगळं वरचं हाय." मग कानस खाली ठेवत, "आता आपलं सगळं गाव श्रीमंत हाय बघ." पुढे बातमीदारीच्या कामात मी श्रीमंतीवर बोलणारी पुष्कळ माणसं ऐकली. त्यांचं म्हणणं लिहून घेताना मला ही व्याख्या आठवायची, आणि बहुतेक वेळा ती पुरी पडायची.

सबनीस साहेब एका रविवारी जीप घेऊन आले. ते कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवत आणि सरकारी खात्यांतही त्यांची ऊठबस होती. खोपोलीत त्यांच्या कानावर राखण्याची गोष्ट गेली होती. त्यांनी तो नीट पाहिला, पन्हळ हाताने कलंडवून पाहिली. डुकरांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ओटीवर चहा घेताना म्हणाले, याला माणूस लागत नाही, हीच याची किंमत. नळी बारीक केली तर पन्हळ काही मिनिटांऐवजी दिवसभराने भरेल. कोणी हे एखाद्या ओढ्यात, पुलाखाली ठेवून निघून गेला, की तो लांब पोचल्यावर काम होईल. कार्बाइडऐवजी दुसरं काही घालता येईल. लष्कराच्या कामाची माणसं त्यांच्या ओळखीची होती.

आप्पांनी विचारलं, "आन् त्या वक्ताला पुलावर कोण असंल?"

"जो असेल तो शत्रू असेल," सबनीस म्हणाले. आवाज सरळ होता. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही लिहावंसं वाटतं. खोपोलीत स्वतःचं वर्कशॉप, आप्पा त्याचे प्रमुख, माळा नको आणि पट्टाही नको, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांना फक्त मापांसकट चित्र हवं होतं. आप्पांना चित्र काढता येत नव्हतं. मला येत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, फौजेत होता आणि त्याची पलटण सरहद्दीवर होती. त्याचं शेवटचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. आईने आपला विचार बोलून दाखवला नाही, तो तिच्या हातांनी दाखवला. आप्पांसाठी वेगळी कढी होऊ लागली, ओटी स्वतः झाडून माझ्या कागदासाठी जागा होऊ लागली. एकदाच ती आप्पांना म्हणाली, "अवो, तुमच्या त्या डब्यानं आमच्या पोराचा जीव वाचत असंल तर तुमचं काय जातंय?"  आप्पा ओटीवरून उठून अंगणात गेले आणि पुष्कळ वेळ उभे राहिले.

दिवेबंदीचा हुकूम आला. आमच्याकडे झाकायला दिवे म्हणजे कंदीलच, पण त्यांच्या काचांनाही कागद चिकटवले. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून, ते पालथं करून भोवती जाळ लावतात, ती पोपटी त्या वर्षी बंद झाली. पोलीस पाटील स्वतः सांगून गेले की उघड्यावर जाळ दिसता कामा नये. आणि शहर काळोखात गेल्यामुळे कालव्याचं पाणी उतरलं. संध्याकाळी ते दगडापर्यंत चढायचं बंद झालं. नळीचं तोंड उघडं पडलं आणि राखण्या मुका झाला. पुरुष पुन्हा माळ्यांवर गेले.

राखण्याचा बार थांबला आणि आमच्या घरात लढाई शिरली. आम्ही त्या बाराला इतके सरावलो होतो की त्याच्यावाचून कान तसेच ताठ राहायचे. आई जेवताना घास हातात धरून थांबायची. काय ऐकतेस विचारलं की म्हणायची, काय नाय. अलीकडे पुन्हा लढाईच्या बातम्या आल्या, भोंगे वाजवून तालीम झाली, तेव्हा मी मुंबईतल्या माझ्या घरातून गावी चुलतभावाला फोन केला आणि विचारलं, कालव्याला पाणी किती हाय? तो हसला. म्हणाला, ताई, आता तसं काय नाय गं, आता वीज कुठनं कुठनं येती. पण तो जाऊन बघून आला आणि त्याने परत फोन केला. हाय तेवढंच हाय, म्हणाला. त्यानंतर मला झोप लागली.

चित्र मी ओटीवर काढत होते. पन्हळीची लांबी, टेकूची उंची, नळकांड्याचा व्यास आप्पांनी एकेक करून सांगितला. चकमकीपासून पन्हळीचं अंतर मात्र राहिलं होतं. ठिणगी पडते की नाही हे त्या अंतरावर होतं. मी विचारलं की ते म्हणत, उद्या घेतो माप. दुसऱ्या दिवशीही उद्या. शेतात जाऊन एकदा मोजायचं, एवढंच काम होतं. त्यांनी चित्र थांबव म्हटलं नाही आणि पुरं कर असंही म्हटलं नाही. एकदा मात्र माझ्या कागदाकडे बघत ते स्वतःशी बोलावं तसं बोलले, "काम असं पायजे की ते झाल्यावर कुणीतरी निवांत निजला पायजे. हे झाल्यावर कोण निजंल?" आई आतून ऐकत होती. तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

सबनीस साहेबांनी चित्र न्यायला येण्याचा निरोप पाठवला आणि ते आले त्याच संध्याकाळी लढाई थांबली. धर्माकाकांकडे रेडिओ होता. ते बांधावरून धावत आले आणि अंगणातूनच म्हणाले, "थांबली. आपल्या लोकांनी जिंकली." आई उंबऱ्यावर बसली. ती रडली नाही, नुसती बसली. मग उठून म्हणाली, साहेब आलेत, पोपटी लावूया. अंगणात मडकं आलं, पाला आला, शेंगा आल्या, कित्येक दिवसांनी उघड्यावर जाळ झाला. सबनीस साहेब खुशीत होते. लढाई संपली म्हणून काम संपत नाही, ते आप्पांना सांगत होते, उलट आता खातं शांतपणे विचार करेल. चित्र त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, हे माप?

आई कालव्यावरून पाण्याची घागर घेऊन आली. तिचा चेहरा मी त्यापूर्वी बरेच दिवस असा पाहिला नव्हता. "पाणी चढतंय," ती म्हणाली. "तिकडं दिवे लागले."

आप्पा पायात चप्पल न घालता उठले. त्यांनी धर्माकाकांना विचारलं, "डब्यात काय हाय रं?"

"काय म्हंजे? पाळीचं हाय."

"बंद होता तरी?"

"बंद हाय म्हणून पाळी कुणी मोडायची?" धर्माकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा रागही होता, जणू आप्पांनी गावावर संशय घेतला. राखण्या मुका होता त्या सगळ्या दिवसांत रोज एका घराने जाऊन आपली मूठ डब्यात टाकली होती. डबा भरत गेला होता आणि वर झाकण लावलं होतं. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण पाळी पाण्याची नव्हती, माणसांची होती. आमच्या घराची पाळीही त्यात येऊन गेली होती. मूठ आईने टाकली होती.

आप्पा पळाले. धर्माकाका त्यांच्या मागून निघाले आणि पुढे गेले, कारण ते वयाने लहान होते. आम्ही बांधापर्यंत पोचलो तेव्हा पुसट उजेड अजून होता. पन्हळ नुकतीच कलंडली होती, डब्याच्या सांध्यांतून गॅसचा तो लसणासारखा वास येत होता. रिकामी पन्हळ वर येत होती. आप्पा ओरडले, हात लावू नको. धर्माकाकांनी ती अडवायला डावा हात घातला.

तो आवाज राखण्याचा नव्हता. डबा फुटला. त्याचा एक पत्रा माळ्याच्या खांबात जाऊन रुतला. माळ्यावर अजून कोणी चढलं नव्हतं. गावातून ओरडणं ऐकू आलं, लोक घराबाहेर पळत होते. कोणी म्हणत होतं, वीजघरावर बाँब टाकला. लढाई थांबल्याची बातमी ज्यांना पोचली नव्हती त्यांच्यापर्यंत लढाईच अशी पोचली. धर्माकाका बांधावर बसले होते आणि आपल्या हाताकडे कुणा दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते. दोन बोटं नव्हती. आई खाली बसली, तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने घट्ट बांधला. पदर लगेच भिजला. तिने दुसरा वेढा दिला.

सबनीस साहेब फुटलेल्या डब्यापाशी वाकले होते. त्यांनी खांबात रुतलेला पत्रा पाहिला, डब्यापासून तो किती लांब गेला ते नजरेने मोजलं आणि आप्पांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हेच. हेच हवं आहे त्यांना."

मला वाटतं, त्यांना त्या क्षणी दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. ते ज्यासाठी आले होते ते त्यांना दिसलं होतं.  आईने मान वर केली.

"साहेब, गाडी काढा," ती म्हणाली. "धर्माभावजींना कर्जतला न्या. आन् परत हिकडं येऊ नका."

सबनीस साहेबांनी गाडी काढली, हेही नोंदवायला हवं. त्यांनी धर्माकाकांना दवाखान्यात नेलं आणि टाके पडेपर्यंत ते तिथे थांबले. आप्पा सोबत गेले होते. आम्ही घरी आलो तेव्हा अंगणातला जाळ विझला होता आणि पोपटी करपून मडक्याला चिकटली होती. आईने मडकं उचलून परसात नेऊन ठेवलं. चित्र ओटीवर पडलं होतं. तिने ते घडी करून फडताळात पिठाच्या डब्याखाली घातलं आणि पुढे कित्येक वर्षं ते तिथेच होतं. त्यानंतर सबनीस साहेबांनी दोनदा माणूस पाठवला. आप्पांनी दोन्ही वेळा त्याला चहा दिला आणि सांगितलं की एक माप घ्यायचं राहिलंय. त्यांनी नाही म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. खोपोलीची गाडी ते निवृत्त होईपर्यंत धरत राहिले, आणि आई अंगणात उभी राहत राहिली.

धर्माकाकांचा हात भरून आला. ते लोकांना सांगत, मुंबईत दिवे लागले नि माझी दोन बोटं विझली. लोक हसत, आप्पा हसत नसत. त्यांनी धर्माकाकांच्या नांगराला डाव्या हाताने धरता येईल अशी वेगळी मूठ करून दिली. ती पूर्ण चाललेली दुसरी गोष्ट म्हणायला हरकत नाही. राखण्याही त्यांनी पुन्हा उभा केला, पण कार्बाइडशिवाय. आता पन्हळ कलंडली की एक दांडकं रिकाम्या पिंपावर आपटायचं. डुकरं पहिले काही दिवस त्याला घाबरली.

मामा उन्हाळ्यात रजेवर आला. आईने त्याच्यासाठी काय काय केलं होतं ते सांगत बसत नाही. तो जेवला, हसला, धर्माकाकांचा हात पाहून त्यांच्याशी थट्टाही केली. पण संध्याकाळी कालवा चढला आणि पिंपावर दांडकं आपटायला लागलं, तेव्हा तो प्रत्येक ठोक्याला भिंतीकडे सरकत होता. त्याला ते कळत नव्हतं, आम्हाला दिसत होतं. थोड्या वेळाने तो आप्पांना म्हणाला, "दाजी, मी हाय तवर ते बंद ठेवाल का?"

आप्पांनी लगेच जाऊन पन्हळ दोरीने बांधून टाकली. घोंगडं घेतलं आणि माळ्यावर जाऊन बसले. मामा राहिला तेवढे दिवस ते बसले आणि सकाळी तिथूनच गाडी धरायला जात. पहिल्या दिवशी उजाडता उजाडता आई आणि मी त्यांची भाकरी घेऊन शेतावर गेलो, तेव्हा उन्हाळी भाताचा आमचा अख्खा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला होता. डुकरं आली होती. आप्पा जागे होते, डबा त्यांच्या हाताशी होता, आणि त्यांनी तो वाजवला नव्हता.

आईने वाफा पाहिला, मग माळ्याकडे पाहिलं.  घरी परत येताना अंगणात तिने मला हाताने थांबवलं आणि माझ्या काखेतली कळशी स्वतःकडे घेऊन आवाज न करता खाली ठेवली. मामा अजून झोपला होता.